हंगाम आणि ऋतू

सेवानिवृत्त झाल्यापासून आमच्या घरात एका प्रश्नाचा खल चालू आहे. माझा भाचा गेली काही वर्षे नोकरीनिमित्त नैरोबीत असतो. निरोप समारंभाची शाल अजून कपाटात गेलीही नव्हती, तोच त्याचा फोन आला : "मामा, आता सुट्टीची सबब चालणार नाही. मामीला घेऊन या, सफारीला जाऊ. कधी येताय तेवढे सांगा. एप्रिल-मे मात्र सोडून."

मला हसू आले. चौतीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले आणि त्या सर्व काळात ज्या एका महिन्यावर माझा निर्विवाद हक्क होता, नेमका तोच मे महिना आफ्रिकेत वर्ज्य निघाला! प्रवासाला केव्हा जावे याची निवड मास्तरला कधी करावीच लागत नाही. विद्यापीठाचे वेळापत्रक ती करून ठेवते. वयाच्या साठीत प्रथमच मला ऋतू निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले होते आणि ते कसे वापरावे हे मला उमगत नव्हते.

भाच्याने पाठवलेला तपशील थोडक्यात असा. केनिया आणि टांझानिया विषुववृत्तालगतचे देश. तिथले वर्ष आपल्यासारखे थंडी-उन्हाने नव्हे, तर पावसाने विभागलेले. मार्च ते मे हा मोठा पाऊस, स्वाहिलीत ‘मसिका’; आणि नोव्हेंबरच्या सुमारास छोटा पाऊस, ‘वुली’. जून ते ऑक्टोबर कोरडा काळ. गवत खुरटते, पाणी मोजक्या ठिकाणी उरते, प्राणी तिथे जमतात. जुलैपासून विल्डबीस्ट आणि झेब्रे यांचे प्रचंड कळप सेरेंगेटीतून उत्तरेला येऊन मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. दूरचित्रवाणीवर आपण पाहतो ते दृश्य हेच. जानेवारी-फेब्रुवारीत तेच कळप दक्षिण सेरेंगेटीच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतात आणि दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत बहुतेक माद्या तिथे वितात. मसिकात मात्र वाटा चिखलात जातात, गवत उंच वाढते, जनावरे पांगतात, मुक्कामाचे दर उतरतात. "तेव्हा काही दिसत नाही," असा भाच्याचा निष्कर्ष.

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आणि आपला ‘सफर’ एकाच अरबी मुळाचे. मूळ अर्थ केवळ प्रवास. प्राणी दिसलेच पाहिजेत अशी अट त्या शब्दात कुठेही नाही. ती आपण मागाहून घातली. आणि एकदा ती घातली, की ‘उत्तम ऋतू कोणता?’ या प्रश्नाचे उत्तरही ठरून जाते : ज्या ऋतूत जास्तीत जास्त दिसेल तो.

इथे मला माझे गाव आठवते. भिवंडी तालुक्यातले अकलोली. तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरी आणि गणेशपुरी यांच्या शेजारी. गरम पाण्याच्या कुंडांसाठी लोक ते ओळखतात. लहानपणी आमच्या घरी ‘हंगाम’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जाई. एक भाताचा, आणि दुसरा माणसांचा. थंडीत रविवारी मुंबईहून स्नानाला माणसे येत. चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची जत्रा भरे, तेव्हा कुंडांवर उभे राहायला जागा नसे. तो हंगाम. पाऊस लागला, की कुंडांकडची चहाची, भज्यांची दुकाने आवरली जात. नदीला पूर आला, की पात्रालगतची कुंडे गढूळ पाण्याखाली जात. चुकून एखादे कुटुंब अशा दिवसांत आलेच, तर माझे चुलते त्यांना सांगत, "आत्ता नाही हो, आत्ता इथे काही नाही." आम्ही मुले मात्र रोज पाहत असू की आत्ताच इथे सारे काही आहे. नदी आहे, खेकडे आहेत, लावणी आहे, काजवे आहेत. ‘काही नाही’ याचा अर्थ ‘तुमच्यासाठी काही नाही’ एवढाच होता.

‘हंगाम’ फारसीतून आलेला, ‘ऋतू’ संस्कृत. कोशात ते जवळजवळ बसतात, पण वापरात त्यांची दिशा निराळी आहे. हंगाम नेहमी कोणाचा तरी असतो : आंब्याचा, साखर कारखान्याचा, लग्नाचा, पर्यटनाचा. त्यात घेणारा गृहीत असतो. ‘ऋतू’चे नाते ‘ऋत’ या शब्दाशी, म्हणजे सृष्टीच्या क्रमाशी आहे. तो कोणी घ्यायला येवो न येवो, येतो आणि जातो. आपण ‘सफारीचा उत्तम ऋतू’ असे म्हणतो तेव्हा म्हणायचे असते हंगाम. शब्द मात्र ऋतूचा उसना घेतो.

महाराष्ट्रात याचा प्रत्यय घेण्यासाठी आफ्रिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. पावसाळ्यात ताडोब्याचे गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद असते. वाघ दिसण्याची सर्वाधिक शक्यता एप्रिल-मेमध्ये, चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीकडे सरकतो तेव्हा. पानगळीने रान उघडे पडलेले असते आणि उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर यावाचून जनावरांना गत्यंतर नसते. म्हणजे आपला उत्तम हंगाम हा त्यांचा सर्वांत कठीण ऋतू. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’चा आरंभ वसंताने नव्हे, ग्रीष्माने केला आहे. त्या सर्गात उन्हाने पोळलेला साप मोराच्या सावलीत आणि बेडूक सापाच्या फण्याखाली आश्रय घेतो. वर्गात हे शिकवताना मी ‘वैरविस्मरण’ असा शब्द फळ्यावर लिहीत असे. तो मोठेपणा नाही, अगतिकता आहे, हे मात्र मला वर्गात नव्हे, एका मचाणावर कळले होते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर बसून वन्यप्राणी मोजण्याची पद्धत तेव्हा सर्वत्र होती. जत्रा उलटून पंधरा दिवस झाले होते. मी नुकताच अध्यापक झालो होतो आणि हौसेने तानसा अभयारण्यातल्या एका मचाणावर नाव नोंदवले होते. सोबत एक वयस्क वनरक्षक. पहाटे तीनच्या सुमारास झाडीच्या कडेला एक लहान चणीचे जनावर येऊन उभे राहिले. सावलीत ते भेकर आहे की चौशिंगा, कळेना. ते दोन पावले पुढे येई, थांबे, मान वळवी. पाण्यापासून दहा-बारा हात अंतर उरले असेल. माझ्या मांडीवर तक्ता होता आणि त्यात प्रजातीचा रकाना होता. मी बॅटरी पेटवली.

भेकराची मादी होती. क्षणभर डोळे चमकले, मग कुत्र्याच्या भुंकण्यासारखा तिचा तो इशारा, आणि रान मिटले. त्यानंतर उजाडेपर्यंत त्या पाण्यावर काहीही आले नाही. मी रकान्यात लिहिले : भेकर, मादी, एक. वनरक्षक बराच वेळ गप्प होते. उतरताना एवढेच म्हणाले, "मास्तर, ती पाण्यावर आलती. आपल्या कागदावर नाय."

तो तक्ता खरा होता. त्यातली नोंद अचूक होती. ती तहानलेली परत गेली, याला मात्र रकाना नव्हता. पुढे २००६पासून देशभरातील व्याघ्रगणनेत स्वयंचलित कॅमेऱ्यांवर भर आला आणि बुद्धपौर्णिमेचे मचाण मोजणीपेक्षा ‘निसर्गानुभव’ म्हणून उरले. साधने बदलली. पाहण्याची हाव बदलली असे मात्र म्हणवत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतील माणसांना नावे ठेवताना माझा हात थोडा आखडतो. बॅटरी माझ्याही हातात होती.

हे सारे मी घरात बोलून दाखवले, तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, "पाहायला जायचे आणि दिसू नये अशी वेळ निवडायची, हा कुठला न्याय? मग घरीच बसावे." तिने नदी ओलांडणारे कळप पडद्यावर पाहिले आहेत आणि आयुष्यात एकदा ते डोळ्यांनी पाहावे ही तिची इच्छा काही गैर नाही. शिवाय तिचा दुसरा मुद्दा माझ्यापेक्षा पक्का होता : ते कळप तुमच्या भेकरासारखे कोंडीत सापडून येत नाहीत, पाऊस पडला तिकडे, गवताच्या मागे जातात. खरे आहे. प्रवेशशुल्कातून रानांच्या रक्षणाला पैसा मिळतो, हेही खरे. आणि फेब्रुवारीत, वासरे जन्मतात तेव्हा गेलो तर निष्पाप ठरू, असेही नाही. तरसांचा आणि पर्यटकांचा तोही हंगामच. सर्वस्वी निर्दोष असा महिना दिनदर्शिकेत सापडत नाही.

या वादात मी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ पुन्हा काढले. १९५६ सालचे हे पुस्तक आम्ही सारेच शिकलो-शिकवले आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यावर एक लेख. या वेळी लक्षात आले ते हे, की त्यात बिनहंगामाचा महिनाच नाही. ज्याच्यात पाहण्यासारखे काही नाही असा एकही महिना दुर्गाबाईंना भेटला नाही. त्या दृश्याच्या शोधात महिन्याकडे जात नाहीत. महिना जे दाखवील ते पाहतात. बाराही महिने तिथेच राहणाऱ्याची ही नजर आहे. आठ दिवसांच्या पाहुण्याला ती जशीच्या तशी साधणार नाही हे उघड आहे. पण पाहुण्याने निदान ‘इथे आत्ता काही नाही’ असे म्हणू नये.

शेवटी आम्ही नोव्हेंबर ठरवला. वुलीचा पाऊस सुरू झालेला असेल, मुख्य कळप मारा सोडून दक्षिणेला निघालेले असतील, गवत वर येत असेल. नदी ओलांडणारे कळप बहुधा दिसणार नाहीत, हे सौ.ला मी स्पष्ट सांगितले आहे. तिने एका अटीवर मान्यता दिली : काही दिसले नाही तर परतीच्या वाटेवर मी ऋतू आणि हंगाम यांवर व्याख्यान द्यायचे नाही. भाचा अजून नाराज आहे. "मामा, पैसे खर्च करून ढग बघायला येताय," म्हणाला.

गेल्या श्रावणात अकलोलीला गेलो होतो. तानसा दुथडी वाहत होती आणि पात्रालगतची कुंडे दिसत नव्हती. शहरातून आलेले एक जोडपे काठावर उभे होते. "कुंडे कुठे आहेत?" त्यांनी विचारले. मी पुराच्या पाण्याकडे हात केला. ते थोडे हिरमुसले. चुलत्यांचे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले आणि त्यांना म्हणालो, "खाली आहेत. थांबा थोडे, नदी बघा." ते किती वेळ थांबले, ते पाहायला मी थांबलो नाही.