आटपाट नगर आणि ‘वन्स अपॉन अ टाइम’

‘वन्स अपॉन अ टाइम’ हा इंग्रजी गोष्टीचा उंबरठा. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून तो त्या भाषेत आढळतो. मराठीत हेच काम ‘आटपाट नगर होते’ करते. श्रावणी शुक्रवारी जिवतीच्या कागदापुढे बायका मुठीत अक्षता धरून बसतात, वाचणारी ‘ऐका’ म्हणते, आणि नगर उभे राहते. तिथे एक राजा असतो, नाहीतर एक गरीब ब्राह्मण. हे नगर कुठले, राजा कधीचा, असे कोणी विचारत नाही. कहाणी सुफळ संपूर्ण झाली की अक्षता देवीला वाहायच्या.

चार्ल्स ऑगस्टस किंकेड या सनदी अधिकाऱ्याने या कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या पुस्तकात इंग्रजीत आणल्या, चित्रे म. वि. धुरंधरांची. आरंभी त्याने ‘वन्स अपॉन अ टाइम’ योजले, ते चपखलच. मात्र ‘आटपाट’ हे त्याने गावाचे विशेषनाम केले, आणि कुठेही असू शकणारे नगर एका ठिकाणी खिळले. त्या आरंभाची निम्मी गोडी तिथेच गेली. याच किंकेडने पुढे द. ब. पारसनीस यांच्यासह मराठ्यांचा इतिहास लिहिला. सन आणि स्थळ याशिवाय ज्याचे पान हलत नाही, असे ते काम.

इतिहासाच्या उलट, ‘वन्स अपॉन अ टाइम’ हा शब्दप्रयोग काळाचा पत्ता मुद्दाम पुसतो. म्हणून ज्या घटनेचा काळ ठाऊक आहे, तिच्यापुढे तो लावू नये. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात हे पथ्य विशेष सांभाळावे लागते, कारण इथे दंतकथा आणि इतिहास एकाच डोंगरावर नांदतात. तोरणा किल्ल्यावर धन सापडले आणि ते राजगडाच्या बांधकामी लागले, ही हकीकत शिवाजी महाराजांच्या आरंभकाळाची. इंग्रजी निबंधात ती ‘वन्स अपॉन अ टाइम’ने सुरू केली की इतिहासाची परीकथा होते. भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तिथे नुसते ‘वन्स’ किंवा ‘अंटिल १९४८’ लिहावे. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. जुने नाव सांगताना ‘फॉर्मर्ली’ पुरे. तोरण्यावरच्या तोरणजाई देवीची एखादी कालहीन आख्यायिका सांगायची असेल, तर मात्र ‘वन्स अपॉन अ टाइम’ खुशाल वापरावे.

‘वन्स अपॉन अ टाइम’ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद भूतकाळी हवे: ‘देअर वॉज’ किंवा ‘देअर लिव्ह्ड’. या शब्दांनंतरचा स्वल्पविराम ऐच्छिक. मराठीतून शब्दाला शब्द ठेवणारी मुले ‘वन किंग वॉज देअर’ लिहितात. कहाणीतला ‘एक राजा’ इंग्रजीत ‘अ किंग’ होतो, कारण तो ऐकणाऱ्याला अजून अनोळखी आहे. दुसऱ्या वाक्यात त्याची ओळख झालेली असते. तिथून तो ‘द किंग’.