तारीख असलेलं सामान

भिलाईत दर जूनअखेरीला माणसं घोळक्यानं निवृत्त होतात, आणि त्याचं श्रेय कुठल्याशा खेड्यातल्या हेडमास्तरांना द्यावं लागतं. साठेक वर्षांपूर्वी पोराचं नाव शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. गुरुजी 1 जुलै टाकून मोकळे व्हायचे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, असा नोकरीतला नियम. त्यामुळे भंडारा-गोंदियाच्या वाड्यावस्त्यांतून, राजनांदगाव-दुर्गच्या शिवारांतून कारखान्यात आलेली एक अख्खी पिढी 30 जूनला गळ्यात हार घालून घरी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोके शोधायला लागते. बाहेर पाऊस नुकताच सुरू झालेला असतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी वर्षातला यापेक्षा वाईट मुहूर्त नाही.

खोके शोधावेच लागतात, कारण इथलं घर नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबर जातं. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि धानाच्या बांध्या होत्या तिथं सेक्टर उभे राहिले. पत्ता आकड्यांत सांगायचा: अमुक सेक्टर, तमुक सडक, क्वार्टर नंबर इतका. माणूस त्या आकड्यात तीस-पस्तीस वर्षं राहतो. मागच्या अंगणात पेरू लावतो, पत्र्याची शेड टाकतो, शेडमध्ये जुना कूलर, मुलांच्या सायकली, लग्नातली मोठी पातेली रचत जातो. या साऱ्याला एक दिवस ‘नो ड्यूज’चा कागद लागणार आहे, हे त्याला ठाऊक असतं, पण मरण ठाऊक असावं तसं.

आमच्या घरी तो दिवस आला तेव्हा हिशेब असा होता. नागपुरात बेसाकडे फ्लॅट घेतलेला, ताबा दिवाळीपर्यंत देतो म्हणून बिल्डरचा शब्द. लेक पुण्यात, तिचं बाळंतपण श्रावणात. म्हणजे आम्ही दोघं दिवाळीपर्यंत पुण्यात, तिच्या दोन खोल्यांत, आणि आमचं सामान मात्र कुठंच नाही. दोन घरांच्या मध्ये अशी फट पडली की माणसाला पहिल्यांदा कळतं, आपल्यापेक्षा आपलं सामान जास्त जागा अडवतं.

पुष्कळांना वाटतं, क्वार्टरच थोडे दिवस ठेवून घ्यावं. त्याच्याइतकं स्वस्त गोदाम नाही. इथं त्याला सगळे ‘रिटेन्शन’ म्हणतात. परवानगीनं, मुदतीत ठेवलं तर गोष्ट वेगळी. पण मुदत उलटली की दंडाचं भाडं सुरू होतं. डिसेंबर 2020 मध्ये सेलच्याच, म्हणजे कारखान्याच्या मालक कंपनीच्याच, एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असं भाडं निवृत्ताच्या देय रकमेतून, अगदी ग्रॅच्युइटीतूनही वळतं करून घेता येतं. आमच्या फ्लॅटचा शेवटचा हप्ता त्या ग्रॅच्युइटीवर अवलंबून. शिवाय कुलूप लावून सोडलेलं क्वार्टर पावसाळ्यात कुणाच्या भरवशावर टाकणार? नळाच्या तोट्यासुद्धा काढून नेतात. ते दार आम्ही लगेच बंद केलं.

दुसरी वाट नातेवाइकांची. दुर्गला चुलतभावाची वरची खोली रिकामी आहे. दादा म्हणाला, “आणून टाका ना, विचारायचं काय त्यात?” दादाचं मन मोठं, पण वहिनीच्या डोळ्यांत मला आमचं दिवाण तिच्या जिन्यावरून वर जाताना दिसलं. नातेवाइकाच्या खोलीला भाडं नसतं, म्हणून तिथून सामान हलतही नाही. दोनेक वर्षांनी तिला खोली हवी असते, बोलता येत नाही, आणि मग एखाद्या साखरपुड्यात भलत्याच विषयावरून ठिणगी पडते. अशा वेळी रोख पैसे मोजलेले बरे. भाडं हा फार सभ्य व्यवहार आहे, असं माझं हळूहळू मत होत चाललंय.

मग उरले दोन मार्ग. एक, सुपेल्याकडे किंवा रिसालीत एखादी खोली अकरा महिन्यांच्या करारानं घ्यायची. अकराच का, तर 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती दगदग टाळायला सारा देश अकरा महिन्यांत राहतो. दुसरा मार्ग, पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांच्या गोदामात सामान सोपवायचं. मोठ्या शहरांत आता कुलूपबंद खोल्यांच्या चकचकीत इमारती निघाल्यात, किल्ली तुमच्या खिशात, हवं तेव्हा जाऊन बघा. अमेरिकेत हा धंदा 1960 च्या दशकात टेक्ससमध्ये सुरू झाला, आणि आता तिथं गावोगावी गॅरेजसारख्या दारांच्या रांगा दिसतात. भिलाईत मला तशी इमारत दिसली नाही. इथं जीई रोडच्या आजूबाजूला गोदामं आहेत, आणि गोदामवाल्यांचा शब्द आहे.

खोली आणि गोदाम यांत फरक भाड्याचा वाटतो, खरा फरक जबाबदारीचा आहे. खोली घेतली की कुलूप तुमचं, आत उधई लागली तर ती उधईही तुमची. सामान दुसऱ्याच्या ताब्यात सोपवलं, की 1872 च्या करार कायद्याचं 151 वं कलम लागू होतं: सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी त्यानं तुमच्या वस्तूची घ्यायची. ही चिंता कौटिल्यालाही होती. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात ठेवींवर आख्खं प्रकरण आहे, आणि परचक्र, आग, पूर यांत ठेव गेली तर ठेवणाऱ्यानं ती मागू नये, अशी सूटही तिथंच लिहिलेली. आजच्या करारपत्राच्या मागच्या बाजूला बारीक टायपात पाहा, तीच यादी असते. म्हणून विमा वेगळा उतरवायचा, आणि ‘आमचं गोदाम फायरप्रूफ आहे’ या वाक्यावर विसंबायचं नाही. लंडनमध्ये बेलग्रेव्ह चौकाजवळ 1830 च्या सुमारास पँटेक्निकन नावाचं प्रचंड गोदाम बांधलं होतं. श्रीमंतांचं फर्निचर, बग्ग्या, चित्रं तिथं ठेवलेली असत. त्याची आगीपासून सुरक्षित अशीच ख्याती होती. 1874 मध्ये ते जळून खाक झालं.

गोदाम बघायला मी मुद्दाम पाऊस पडत असताना गेलो. उन्हात सगळीच गोदामं कोरडी असतात. पहिलं होतं ते बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत. पत्र्यावर सरी कोसळत होत्या, मालक ओरडून बोलत होता, आणि आत जुन्या कोंड्याचा तो गोडसर, कोंदट वास. वास चांगलाच होता, पण कोंडा कोपऱ्यात अजून होता, आणि कोंडा आहे तिथं उंदीर असणार. भिंतीला जमिनीपासून वीतभर उंचीवर ओलीची रेघ होती, वरचा चुना पोपडे धरलेला. मालक म्हणाला, “भैया, सामान तो प्लास्टिक में लपेट देंगे.” मी नको म्हटलं. पावसाळ्यात लाकूड प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की आतली ओल आतच राहते, आणि दिवाळीला कपाट उघडलं की त्यावर हिरवी मखमल. जुनी सुती चादर बरी.

दुसरं गोदाम साधं, पण जमिनीवर लाकडी पाट्या टाकून त्यावर सामान रचलेलं. प्रत्येक घराच्या ढिगावर खडूनं नाव आणि आणल्याची तारीख. मी तारखा वाचत गेलो. काही याच वर्षीच्या होत्या. काही इतक्या जुन्या, की खडू पुसट होऊन पुन्हा गिरवलेला. पोऱ्याला विचारलं तर म्हणाला, ये लोग बंगलोर गए, हर महीने पैसा भेजते हैं. त्या ढिगात वर एक पाळणा होता, उलटा ठेवलेला. पाळण्यातलं पोर आता दहावीला तरी असेल.

घरी परतताना मनाशी एक गोष्ट ठरली, आणि ती मी हिला तिथंच, रिक्षात सांगितली: ज्या वस्तूला तारीख नाही, ती गोदामात जाणार नाही. कधी लागणार ते सांगता आलं तर ठेवू. ‘लागेल कधीतरी’ असं उत्तर आलं तर ती आजच कुणाला तरी देऊ.

ती म्हणाली, “अहो, मग पहिलं तुमचं हार्मोनियम.”

हार्मोनियमला तारीख नव्हती. कधी नव्हतीच. ते सेक्टरातल्या भजनी मंडळाकडे गेलं, आणि ते दुसऱ्या दिवसापासून वाजायला लागलं, ही आमच्या घरात त्याला कधी न मिळालेली सवलत. पाटा-वरवंटा शेजारच्या छत्तीसगढी मावशींनी नेला. कूलर मी नागपूरला नेणार म्हणून हटून बसलो होतो, पण कूलरला लागणारा महिना एप्रिल. ताट्या बदलायच्या, टाकी रंगवायची, आणि दिवाळीपासून एप्रिलपर्यंत तो नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभा करायचा. हिशेब मांडला. महिन्याला समजा अडीच हजार भाडं, त्यावर 18 टक्के जीएसटी, खोके भरणावळ, चढवायची-उतरवायची हमाली, ट्रक. कुठल्या वस्तूनं किती जागा अडवली याप्रमाणे ही रक्कम वाटून टाकली, तर जुन्या कूलरच्या वाट्याला त्याच्या मोडीच्या किमतीहून जास्त भाडं येत होतं. सोफ्याचं तेच. फ्रिजचं तसं नव्हतं. फ्रिज राहिला.

पितळी डबे राहिले, कारण दिवाळी. पुरणयंत्र राहिलं. पुस्तकांवरून भांडण झालं, त्यात शिरत नाही.

अडलं ते महालक्ष्म्यांपाशी. आमच्याकडे विदर्भातल्यासारख्या उभ्या महालक्ष्म्या असतात. पितळी मुखवटे आजेसासूंचे, धड म्हणजे पत्र्याच्या कोठ्या, खाली लोखंडी अडण्या, शिवाय हात, दागिने, मखराच्या पट्ट्या, बाळाची कापडी अंगडी-टोपडी. या सामानाला पक्की तारीख होती, भाद्रपदातली, पण ती आमच्या दिवाळीच्या आधी येत होती. पुण्यात नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीच्या दोन खोल्यांत अडीच दिवस महालक्ष्म्या बसवायच्या की यंदा दुर्गच्या थोरल्या घरी द्यायच्या? ही दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मुखवटे माझ्या मांडीवर पुण्याला येतील, आणि अडण्यांऐवजी तिथं तांब्याच्या कळशा मांडू. कोठ्या आणि अडण्या गोदामात गेल्या त्या सगळ्यांत शेवटी, दाराच्या अगदी तोंडाशी. न जाणो ऐनवेळी कुणाकरवी मागवाव्या लागल्या तर. गोदामात जे आधी आत जातं ते सर्वांत उशिरा हाती लागतं, एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी निम्मी कटकट वाचते. आम्ही दिवाण आणि कपाट आधी लावलं, मग पुस्तकं छोट्या खोक्यांत (मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की ते उचलणारा हमाल तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो), मग भांडी. फ्रिज दोन दिवस आधी बंद करून पुसला आणि दारात एक नॅपकिन दुमडून खोचला, म्हणजे दार पुरतं मिटत नाही आणि आत वास धरत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी, गॅस, दाणागोटा, कागदपत्रं, दागिने यांतलं काहीही आत जाऊ दिलं नाही. प्रत्येक खोक्याचा उघडा असताना आणि बंद केल्यावर असे फोटो काढले.

फोटोंचे अल्बम गोदामात टाकावेत असं माझं मत होतं. जागा किती खातात! पण मला विव्हियन मायर आठवली. शिकागोत मुलं सांभाळणारी ही बाई आयुष्यभर रस्त्यावरची माणसं टिपत राहिली, आणि तिनं हजारो निगेटिव्ह भाड्याच्या जागेत ठेवून दिल्या. भाडं थकलं. 2007 मध्ये ती खोकी लिलावात गेली, आणि विकत घेणाऱ्यांमुळे जगाला कळलं, की विसाव्या शतकातली एक मोठी छायाचित्रकार आपल्यात वावरत होती. ती 2009 मध्ये वारली, तिला यातलं बहुतेक काही कळलंही नाही. गोष्ट सांगणारे सगळे लिलावाचं नवल सांगतात. मला मात्र हप्ते थकण्याच्या महिन्यांचा विचार येतो, आणि करारातल्या त्या ओळीचा, जी म्हणते की इतके महिने भाडं न आल्यास मालाची विल्हेवाट लावण्याचा हक्क आम्हाला राहील. ती ओळ इथल्या करारातही होती. आम्ही ‘आधी लेखी नोटीस देऊन’ हे शब्द हातानं घालून घेतले आणि खाली दोघांच्या सह्या. अल्बम आमच्याबरोबर पुण्याला निघाले.

सामान नागपुरातच का ठेवत नाही, असं मुलानं फोनवर विचारलं. प्रश्न बरोबर होता. ट्रक एकदाच लांब जाईल, पुढचं अंतर चार पावलांचं. पण भिलाई ते नागपूर अडीचशेहून जास्त किलोमीटर, आणि जुलैच्या पावसात ताडपत्रीखाली दिवाण पाठवायची माझी तयारी नव्हती. शिवाय नागपुरात अजून आमची ओळख फक्त बिल्डरशी. इथं सेक्टर 6 मधला माझा जुना सहकारी दर महिन्याला गोदामात डोकावतो म्हणाला, आणि म्हटल्याप्रमाणे डोकावणारा माणूस आहे तो.

शेवटी गोदामवाल्यानं फॉर्म पुढं केला. नाव, पत्ता (इथं मी पहिल्यांदा अडखळलो, शेवटी लेकीचा लिहिला), खोक्यांची संख्या, विम्याची रक्कम, आणि ‘मुदत’. बिल्डरला त्याच दुपारी फोन केला होता. तो आता दिवाळी म्हणत नव्हता, ‘डिसेंबर पकडून चला’ म्हणत होता. मी पेन धरून डिसेंबर लिहायला लागलो, तर ही म्हणाली, दिवाळीच लिहा. डिसेंबर लिहिला की तो मार्च म्हणेल. ताबा मिळो न मिळो, दिवाळीनंतर नागपुरात भाड्याचं घर बघू, सामान तिथं उतरवू, आणि बिल्डरच्या दारात आपण रोज स्वतः जाऊ. गोदामवाल्यानं फॉर्म घेतला, ‘बढ़ाना हो तो पंद्रह दिन पहले बताना’ म्हणाला. बढ़ाना नहीं है, ती म्हणाली, आणि पैसे मोजून दिले.