आग्रहाची ओळ

डेबियन या लिनक्स प्रणालीचं कुठलंही पॅकेज बांधताना 'कंट्रोल' नावाची साध्या मजकुराची एक फाइल लिहावी लागते. तिच्यात डिपेंड्स, रेकमेंड्स आणि सजेस्ट्स अशा तीन ओळी येऊ शकतात. डिपेंड्स करारी, तिनं मागितलेली लायब्ररी मिळाली नाही तर पॅकेज बसतच नाही. सजेस्ट्स नाव सांगते आणि गप्प राहते. माझा जीव मधलीवर.

रेकमेंड्सचा आग्रह पंगतीतल्या वाढणाऱ्यासारखा. पानात वाढायचंच, पण कुणी हात आडवा धरला तर पुढे सरकायचं. 2009 च्या 'लेनी' आवृत्तीपासून पॅकेजं बसवणारा ॲप्ट तिनं सुचवलेलं आपणहून बसवतो, आणि नको असेल तर तसं सांगायची सोयही ठेवतो. एमपीव्ही हा प्लेअर घ्या. घरातली फिल्म लावायला त्याला वायटी-डीएलपी लागत नाही. व्हिडिओच्या साइटचा पत्ता दिला की लागतं. म्हणून ते नाव रेकमेंड्समध्ये.

ही ओळ माणसाच्या हातची आहे, म्हणून मला ती मोलाची वाटते. डिपेंड्समधल्या लायब्रऱ्या यंत्र बायनरी वाचून भरतं. पण प्रोग्रॅम चालू असताना 'डीएलओपन'नं बोलावलेली लायब्ररी त्या यंत्राला दिसत नाही. ती नसली तर एखादी सोय जाते, बाकी काम चालू राहतं. ती सोय किती जणांना लागेल, हे कुणीतरी विचार करूनच ठरवावं लागतं.

तो विचार झाला नाही की काय होतं, ते मार्च 2024 मध्ये दिसलं. एसएसएचनं लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरनी छडा लावला आणि एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या 5.6.0 व 5.6.1 आवृत्त्यांतलं चोरदार उघडं पडलं. एसएसएच पुरवणाऱ्या ओपनएसएसएचला एक्सझेडच्या लिबएलझेडएमए लायब्ररीशी काही देणंघेणं नव्हतं. पण 'मी सुरू झालो' एवढा निरोप सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीला द्यायला डेबियननं त्याला लिबसिस्टमडी जोडली होती, आणि लिबसिस्टमडीला जर्नलच्या दाबलेल्या नोंदी वाचायला लिबएलझेडएमए लागायची. कधीमधी लागणारी लायब्ररी अशी सक्तीनं लॉगिनच्या दारात येऊन बसली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते चोरदार पोचलं नव्हतं, हे नशीब.

त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या सिस्टमडी 256 नं दाबणीच्या या लायब्रऱ्या डीएलओपनवर नेल्या. शिवाय कोणती लायब्ररी, कशासाठी आणि किती गरजेची, याची टीप बायनरीतच ठेवली. यंत्राला आता ती वाचता येते. गरज किती, हे अजून लिहिणाराच ठरवतो.

त्या टिपेतलं 'कशासाठी' रेकमेंड्सला कधीच सांगता आलं नाही. तिची ही उणीव मला खुपते. आर्च लिनक्सच्या ऑप्टडिपेंड्समध्ये नावापुढेच कारण लिहायची पद्धत आहे. मी ते कंट्रोल फाइलीत वर कमेंट म्हणून लिहितो, पण बांधलेल्या पॅकेजात कमेंट जात नाही. कारण वाचायला हवं ते वापरणाऱ्याला. हात आडवा धरायचा की नाही, हे त्यालाच ठरवायचं असतं.