निघून गेलेल्याची साक्ष

1981 साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात रेमंड फ्रांझ या साठीला टेकलेल्या गृहस्थांना त्यांच्या मंडळीने बहिष्कृत केले. फ्रांझ हे साधे सदस्य नव्हते. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची शिकवण आणि जगभरचा कारभार ज्याच्या हाती असतो, त्या नियमन मंडळावर त्यांनी 1971 ते 1980 अशी नऊ वर्षे काढली होती. मतभेदांमुळे ते मंडळावरून उतरले, पण पंथाचे सदस्य राहिले. बहिष्काराला निमित्त झाले एका जेवणाचे. ज्याच्याकडे ते पोटासाठी काम करत होते आणि ज्याच्या जागेत राहत होते, त्या माणसाने पंथ सोडला होता, आणि फ्रांझ त्याच्याबरोबर जेवले. मराठी वाचकाला इथे पुण्याच्या पंचहौद मिशनमधला 1890 सालचा चहा आठवेल. ख्रिस्ती मिशनमधल्या त्या चहावरून रानडे, टिळक आणि इतर अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई झाली, प्रायश्चित्ताचा वाद बराच काळ गाजला. सोबत खाण्यापिण्याने माणूस बाटतो ही समजूत दोन्हीकडे सारखीच. पण पुण्यात निदान वाद तरी झाला. दोन्ही बाजूंनी शास्त्राधार काढले, ते छापून आले, वाचले गेले. फ्रांझ यांच्या वाट्याला तेही आले नाही. 1983 मध्ये त्यांनी आपले म्हणणे पुस्तकरूपाने मांडले, तेव्हा ते धर्मत्याग्याचे पुस्तक ठरले, आणि धर्मत्याग्याचे लेखन निष्ठावंताने वाचायचे नसते.

‘धर्मत्यागी’ या शब्दाचा विचार इथे करायचा आहे. कडक शिस्तीच्या कुठल्याही मंडळीतून माणूस बाहेर पडला की त्याला मागून एक नाव चिकटते. यहोवाच्या साक्षीदारांमध्ये ही व्यवस्था लेखी आणि तपशीलवार आहे, म्हणून तिचे उदाहरण घेणे सोयीचे. 1870 च्या दशकात पिट्सबर्गमध्ये चार्ल्स टेझ रसेल यांच्या बायबल अभ्यासवर्गातून हा पंथ निघाला आणि 1931 मध्ये त्याने आजचे नाव घेतले. बहिष्काराची रीतसर पद्धत 1952 मध्ये बसली. 1981 मध्ये नियम झाला, की जो स्वतःहून सदस्यत्व सोडतो त्यालाही बहिष्कृतासारखेच वागवायचे; रस्त्यात भेटला तर साधी विचारपूसही करायची नाही. एका घरात राहणाऱ्यांचे रोजचे व्यवहार चालू राहतात, पण वेगळे राहणारे आईवडील, भावंडे, मोठी झालेली मुले यांच्याशी बोलणे अगदी अडीअडचणीपुरते उरते. जुलै 2011 मध्ये पंथाच्या मुखपत्राच्या इंग्रजी आवृत्तीने धर्मत्याग्यांना मनोरुग्ण म्हटले. मराठीत हे नियतकालिक ‘टेहळणी बुरूज’ नावाने निघते. माझे म्हणणे असे, की हे नाव निघून गेलेल्या माणसाचे वर्णन नाही. त्याचे म्हणणे ऐकावे लागू नये म्हणून केलेली ती तजवीज आहे. ‘तो सांगतो ते खरे आहे का?’ हा प्रश्न बाजूला सारून त्याच्या जागी ‘तो कसला माणूस आहे?’ हा प्रश्न बसवला जातो, आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने तोंड उघडण्याआधीच ठरलेले असते. जे उत्तर माणूस बघण्याआधी ठरते, ते त्या माणसाबद्दलचे असू शकत नाही.

हे तपासून पाहण्याची सरळ रीत म्हणजे तीच कृती उलट दिशेने झाली तर काय म्हणतात ते पाहणे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने 2014 मध्ये केलेल्या पाहणीत तिथल्या यहोवाच्या साक्षीदारांपैकी सुमारे 65 टक्के लोक दुसऱ्या धर्मात किंवा पंथात वाढलेले आढळले. म्हणजे यांनी कधीतरी आपल्या घरची श्रद्धा सोडली होती. त्यांच्या या निर्णयाला पंथात सत्य सापडणे म्हणतात. त्यांच्या जुन्या श्रद्धेवरच्या टीकेला कोणी मनाचा आजार म्हणत नाही, उलट ती टीका पुराव्यादाखल सांगितली जाते. त्याच पाहणीत असेही दिसले, की या पंथात वाढलेल्यांपैकी सुमारे 66 टक्के लोक आता पंथात नाहीत. जवळजवळ सारख्याच प्रमाणात माणसे आत आली आहेत आणि बाहेर गेली आहेत. दोघांनी केले एकच: शिकवलेले तपासले, पटले नाही, सोडले. एकाची ती सद्बुद्धी आणि दुसऱ्याचा तो रोग, असे म्हणायचे असेल तर फरक त्यांच्या मनात दाखवून द्यावा लागेल. फक्त दरवाजा कोणत्या बाजूने ओलांडला एवढे पुरत नाही. बायबलमध्येच याचा एक लखलखीत दाखला आहे. धर्मत्यागासाठीचा मूळ ग्रीक शब्द ‘आपोस्तासिया’ ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात येतो, आणि तिथे तो आरोप आहे चक्क प्रेषित पौलावर. तो यहुद्यांना मोशेच्या नियमापासून फिरवतो, असे त्याच्याबद्दल यरुशलेममध्ये पसरले होते. ज्याची पत्रे आज धर्मत्याग्यांविरुद्ध वाचली जातात, तो स्वतः त्याच शब्दाचा मारा सोसलेला माणूस होता.

दुसरा पुरावा काळ पुरवतो. 1967 मध्ये पंथाच्या मुखपत्राने अवयव-प्रत्यारोपणाची तुलना नरमांसभक्षणाशी केली. 1980 मध्ये तो ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवण्याचा विषय ठरला. 1970 साली जो सदस्य म्हणाला असता की ही शिकवण चुकीची आहे, तो त्या दिवशी विरोधक ठरला असता. दहा वर्षांनी मात्र त्याचे मत कोणालाही बाळगता आले असते. त्या दहा वर्षांत त्याच्या डोक्यात काही बिघडले नव्हते आणि काही दुरुस्तही झाले नव्हते. 2011 च्या ‘मनोरुग्ण’ या शब्दाचेही तसेच. त्याला आधार होता तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या एका ओळीच्या पंथाच्या स्वतःच्या भाषांतराचा, आणि 2013 च्या सुधारित आवृत्तीत ती ओळच वेगळ्या शब्दांत आली. पुढे 2024 मध्ये पंथाने ‘बहिष्कृत’ हा शब्द बाजूला ठेवून मंडळीतून काढलेला असे म्हणायला सुरुवात केली, आणि अशी व्यक्ती सभेला आली तर तिचे थोडक्यात स्वागत करायला मुभा दिली. हा बदल चांगला आहे, त्याने कितीतरी घरांत थोडी ऊब परतेल. पण धर्मत्यागी ठरवलेल्यांना ही मुभा नाही. ज्याचे पाऊल घसरले त्याच्यासाठी दार किलकिले झाले. ज्याने शिकवणीवर प्रश्न विचारला त्याच्यासाठी ते बंदच आहे. ते नाव नेमके कशावर चिकटते, हे यावरून कळते. ते पापावर चिकटत नाही, बोलण्यावर चिकटते.

यावर पहिला आक्षेप असा, की कोणाला आपल्यात ठेवायचे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक मंडळीला आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. 2018 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने याच पंथातल्या एका बहिष्काराच्या प्रकरणात अशा निर्णयांत न्यायालयांनी पडू नये असे ठरवले. आपल्याकडे हा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ‘वाळीत टाकणे’ या शब्दामागे विहीर, चूल आणि स्मशान बंद होण्याचा इतिहास आहे. मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. 2023 मध्ये तो निर्णय फेरविचारासाठी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. मधल्या काळात महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. कायद्याची रेघ कुठे ओढावी यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. पण सदस्यत्व संपवण्याचा हक्क ही एक गोष्ट आणि गेलेल्याच्या मनाविषयी, हेतूविषयी निवाडा देण्याचा हक्क ही दुसरी. ‘तू आता आमच्यात नाहीस’ हे मंडळी म्हणू शकते, कारण ते तिच्या कक्षेतले आहे. ‘तू आजारी आहेस, गर्विष्ठ आहेस, तुला पाप करायचे होते म्हणून गेलास’ हे विधान वस्तुस्थितीबद्दलचे आहे, आणि वस्तुस्थितीबद्दल बोलणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सोडून गेलेला माणूस दुखावलेला असतो, स्वतःच्या निर्णयाचे समर्थन करण्यासाठी तो जुन्या घराचे चित्र काळे रंगवतो. तेव्हा त्याच्यावर विश्वास का ठेवावा? हा आक्षेप केवळ धर्मगुरू घेत नाहीत. ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विल्सन यांनीही माजी सदस्यांच्या कथनाकडे साशंकपणे पाहावे असे मांडले. पण स्टुअर्ट राइट या संशोधकाने 1980 च्या दशकात तीन वादग्रस्त नव्या पंथांतून स्वेच्छेने बाहेर पडलेल्या 45 जणांशी बोलून काढलेला निष्कर्ष वेगळे सांगतो: दोनतृतीयांश लोक त्या अनुभवातून शहाणपण आल्याचे म्हणाले, आपली फसवणूक किंवा बुद्धिभेद झाला असे मानणारे दहांत एक इतकेही भरले नाहीत. कडवटपणा हा सोडून जाणाऱ्याचा स्थायीभाव नाही. आणि समजा एखादा कडवट असलाच, तरी म्हणून त्याची साक्ष खोटी ठरत नाही. ती तपासायची असते. हितसंबंध दोघांचेही असतात. ज्याने आयुष्य, पैसा आणि मुले मंडळीला वाहिली आहेत, त्याला मंडळी बरोबरच असायला हवी असते. ऑस्ट्रेलियात बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने 2015 मध्ये या पंथाच्या कारभाराची सुनावणी घेतली. बाहेर पडलेल्या पीडितांच्या साक्षींबरोबर आयोगाने पंथाच्या स्वतःच्या फायली मागवल्या. त्यांत 1950 पासूनच्या 1,006 कथित गुन्हेगारांच्या नोंदी निघाल्या, आणि त्यांतला एकही पंथाने होऊन पोलिसांना कळवलेला नव्हता. निघून गेलेल्यांच्या बोलण्याकडे केवळ द्वेष म्हणून पाठ फिरवली असती, तर त्या फायलींपर्यंत कोण पोचले असते?

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या पोटातून येतो, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. दूर ठेवणे हे प्रेमच आहे, वाट चुकलेला एकटा पडला की परत येईल, असे अनेक आईबाप मनापासून मानतात, आणि मुलाचा फोन न उचलताना त्यांचेही काळीज तुटत असते. पण परत येण्याची वाट उघडी ठेवायची असेल, तर जो आहे त्याच्याशी बोलावे लागते. त्याला रोगी ठरवले की त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज उरत नाही, आणि ज्या प्रश्नामुळे तो गेला तो तसाच राहतो. आईच्या आवाजासाठी परतलेला मुलगा आईकडे परतलेला असतो. त्याला शिकवण पटली असे त्यावरून म्हणता येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात न ऐकणाऱ्याला विदेशी आणि जकातदारासारखे समजावे असे आहे, आणि या वचनाचा आधार नेहमी घेतला जातो. पण त्याच शुभवर्तमानात येशू जकातदारांच्या पंक्तीला बसतो, आणि मत्तय स्वतःच जकातदार होता.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. हा पंथ स्वतः छळ सोसलेला आहे. नाझी जर्मनीत या लोकांनी हिटलरला सलाम केला नाही म्हणून त्यांना छळछावण्यांत जांभळा त्रिकोण लावून डांबले गेले. रशियाने 2017 मध्ये त्यांना अतिरेकी संघटना ठरवून बंदी घातली, आणि केवळ प्रार्थनेसाठी जमलेल्यांना तुरुंगात टाकले. अशा वेळी आतल्या उणिवा चव्हाट्यावर मांडणे म्हणजे जुलमी सत्तेच्या हाती कोलीत देणे नाही का? सोडून गेलेल्याने हे भान ठेवलेच पाहिजे, आणि रशियातल्या अन्यायाविरुद्ध त्याने इतरांइतक्याच ठामपणे बोलले पाहिजे. पण अन्याय नेमका काय आहे? प्रत्येक माणसाने काय केले हे न पाहता सर्वांवर एकच नाव ठोकणे, हाच तो अन्याय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये केरळातल्या याच पंथाच्या तीन मुलांना न्याय दिला, तो याच्या उलट रीतीने. राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून शाळेने त्यांना काढले होते. न्यायालयाने पाहिले, की ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत होती. फक्त श्रद्धेमुळे गात नव्हती. ज्या रीतीने त्या मुलांची शाळा वाचली, त्याच रीतीने निघून गेलेल्याकडे पाहा, एवढेच मागणे आहे.

हेच मागणे आपल्यासारख्या बाहेरच्यांकडेही आहे. आपण त्याला धर्मत्यागी म्हणत नाही, पण ‘बिचारा, ब्रेनवॉश झालेला’ असे म्हणून मोकळे होतो. त्यातही तो काय सांगतो याकडे लक्ष नसते; त्याची तेवढी वर्षे वाया गेली असे आपण त्याच्या वतीने ठरवून टाकतो. त्याला कदाचित तिथे मैत्री मिळाली असेल, अभ्यासाची सवय लागली असेल, परक्याच्या दारात उभे राहून बोलण्याचे धैर्य आले असेल. जे चांगले होते ते चांगले म्हणण्याचा आणि जे चुकले ते चुकले म्हणण्याचा अधिकार त्याचाच आहे, कारण तिथे तो होता. न्यायाच्या भाषेत जो स्वतः हजर होता, ज्याने स्वतः पाहिले, त्यालाच साक्षीदार म्हणतात. सदस्यत्व संपते, पण पाहिलेले नाहीसे होत नाही. त्याची साक्ष उलटतपासणीत टिकणार नसेल तर न टिको. पण आधी त्याला बसायला जागा द्यावी, समोर ताट ठेवावे, आणि त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे.