खुंट्याला दुसरा हात

नातेपुते,
ज्येष्ठ वद्य चतुर्थी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

पंचेचाळिशीच्या बाईला छकुली म्हणते म्हणून हसू नकोस. दुसऱ्या नावानं तुला हाक मारायला माझी जीभ वळत नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, ‘मावशी, पहाटेपासून डायपर, गोळ्या, मऊ भात, धुणं. देवापुढं दिवा लावायचाही राहून जातो. सासूबाई दिवसातून दहा वेळा विचारतात, तू कोणाची गं? काल अकराव्या वेळी मी ओरडले त्यांच्यावर. या सगळ्याला काही अर्थ आहे का?’ आणि मी आयतं उत्तर फेकलं, ‘अगं, हीच तुझी पूजा.’ तू नुसतं ‘हं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. तो ‘हं’ मला तेव्हापासून सलतोय, म्हणून लिहायला बसले.

एवढी वर्षं मी शाळेत पोरांना सावता माळी शिकवला. अरणचा, आपल्याच जिल्ह्यातला, माढा तालुक्यातला. मळा सोडून तो पंढरीला गेला नाही, त्याला विठोबा मळ्यातच सापडला, असं सांगायचं आणि ‘कामातच देव’ असं फळ्यावर लिहायचं. आषाढी झाली की पंढरपूरहून पांडुरंगाचीच पालखी अरणला त्याच्या पुण्यतिथीला जाते, हेही कौतुकानं सांगायचे. १२९५ साली देह ठेवलेल्या माळ्याकडे देव अजून जातो म्हटल्यावर पोरंही खूश व्हायची. पण त्या गोष्टीतली एक बाब मी पोरांना कधी सांगितली नाही, कारण माझ्याच डोक्यात आली नव्हती. न जाण्याचं सावत्यानं स्वतः ठरवलं होतं. ‘तू मळ्यातच राहा, तुझा देव तिथंच आहे’ असं त्याला दुसऱ्या कुणी सुनावलेलं नव्हतं.

तुझ्या आजीला मात्र ते सुनावलं गेलं. आपलं घर पालखीच्या वाटेवर. माउलींचा मुक्काम नातेपुत्यात पडला की आपल्याकडे ठरलेली दिंडी उतरायची. आजी मध्यरात्री उठून चुली पेटवायची, आणि सकाळी पंगत उठेपर्यंत भाकरी थापणाऱ्या तिच्या हाताला उसंत नसायची. आजोबा दरसाल चालत जायचे. इथून पंढरपूर ते केवढं, पाच दिवसांची वाट! आजीनं एकदा विचारलं, ‘औंदा मी येऊ का?’ आजोबा हसून म्हणाले, ‘तुझी पंढरी चुलीपाशीच हाय की.’ माणूस वाईट नव्हता गं. खरंच तसं वाटत असेल त्यांना. पण स्वतः मात्र ते चुलीपाशी पंढरी शोधायला कधी बसले नाहीत.

देव सगळीकडे आहे, हे वाक्य कोण कुणाला म्हणतो त्यावर त्याची किंमत ठरते, असं मला हल्ली वाटतं. मंगळवेढ्याचं कुसू कोसळून चोखोबा गेले ते १३३८ साली. त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर, बाहेर. त्यांच्या लोकांना आत पाऊल टाकता आलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. मधली सहाशे वर्षं ‘देव काय, सगळीकडेच असतो’ हे त्यांना किती जणांनी ऐकवलं असेल! तुझ्या घरातल्या चार भिंतींची तुलना त्याच्याशी नाही करत मी, तेवढी अक्कल आहे मला. पण परवा मी तुला जे म्हणाले, ते त्याच जातीचं होतं.

आजी पुढं पंढरपूरला गेली, पण पायी नाही. आजोबा गेल्यावर मीच तिला एसटीनं नेलं, असल्याच कुठल्यातरी बिनगर्दीच्या महिन्यात. पायांवर डोकं ठेवलं, बाहेर आली, काही बोलली नाही. मग आम्ही गोपाळपूरला गेलो. तिथं जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. आजी त्याच्यापाशी खाली बसली, जात्यावर तळहात ठेवून बराच वेळ पाहत राहिली. सबंध जन्म दळण दळलेली बाई ती. मला म्हणाली, ‘ह्ये एकटीनं वडायचं जातं न्हवं.’

मला तेव्हा ते जात्याबद्दलचं बोलणं वाटलं. परवाच्या तुझ्या ‘हं’नंतर ते नीट कानात शिरलं.

जनाबाई गंगाखेडची, नामदेवांच्या घरची दासी. तिच्या गोष्टीत विठोबा काय करतो? ‘जने, दळणातच मला पाहा’ असं सांगून तो राउळात परत जात नाही. खाली बसतो आणि खुंटा धरतो. चोखोबांची बायको सोयराबाई बाळंत झाली तेव्हा तो त्यांच्या बहिणीचं, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि नणंद म्हणून बाळंतपण करून गेला, असं सांगतात. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीनं पाणी वाहिलं. पैठणला तो रांजण अजून भरतात. या गोष्टी घडल्या की नाही यावर वाद घालायचं माझं वय नाही. पण ज्यांनी त्या रचल्या असतील, त्यांना दमलेल्या माणसाला काय हवं असतं ते पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या देवाला उपदेश करायला वेळच नाही. त्याचे हात पिठानं भरलेले.

म्हणून अर्थाचं मला विचारू नकोस. दिवा राहिला तर राहू दे, तुझ्या देव्हाऱ्यातले देव रुसणारे नाहीत. ओरडलीस त्याचंही फार मनावर घेऊ नकोस. अकराव्या वेळी मीही ओरडले असते, कदाचित सातव्याच वेळी.

मी तुझ्याकडे पुण्याला येते आहे. नवमीला निघते, पंधरा दिवस राहीन. पालखी नातेपुत्यात येईल तेव्हा मी घरी नसेन, हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मामीला सांगितलं तर म्हणाली, ‘जावा तुम्ही. दिंडीचं आम्ही बघतो, आता गॅस हाय, पोरं हायेत.’ मामाही भाकरी थापणार म्हणे. वारकऱ्यांचं देव बघून घेवो.

पालखी पुण्यात दोन रात्री असते. तिसऱ्या दिवशी पहाटे हवं तर तिच्याबरोबर दिवेघाट चढ. सासवडपर्यंतचा टप्पा लांब आहे, चपला जुन्याच घाल. संध्याकाळी बसनं परत ये. नाहीतर आतल्या खोलीचं दार लावून दिवसभर झोप. चालायलाच पाहिजे असं काही नाही.

गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला चिकटव, मला बारीक दिसत नाही. पथ्याचं काही असेल तर तेही. स्वारगेटला घ्यायला येऊ नकोस, रिक्षा करीन.

आणि सासूबाईंनी मला ‘तू कोणाची गं?’ विचारलं तर काय सांगायचं, ते ठरवून ठेव. लांब दिलेल्या लेकीची वाट बघतात म्हणालीस ना? मला तीच समजल्या, तर मी नाही म्हणणार नाही.

तुझी,
मावशी

ता. क. मामी जात्यावरचं ज्वारीचं पीठ देणार होती. जातं आता नुसतं ठेवलेलं आहे. गिरणीचंच आणते.