पिलाताचं नाव कशाला?

चि. सूनबाईस,



तुझा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर वाचला आणि वही-पेन घेऊन बसले. अंगठ्याने टाइप करून उत्तर द्यावं असा तो नाही. येशूचा उपदेश तुला पटतो, शत्रूवरही प्रेम करावं हे तर शाळेपासून आवडतं. पण उपासनेत आम्ही सगळे उभे राहून जो मतांगीकार म्हणतो, त्यात हा उपदेश औषधालाही सापडत नाही, असं तू लिहिलंयस. बरोबर हेरलंस. जन्मभर दर रविवारी तो म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या हे ध्यानात आलेलं नसतं. मरीयेपोटी येशू जन्माला आल्याचं सांगून आम्ही थेट पिलाताच्या अमलातल्या त्याच्या मरणाशी येतो. डोंगरावरचं प्रवचन, दाखले, आजाऱ्यांना बरं करणं, सगळं मधल्या मधे गळालेलं.

रेव्हरंड टिळकांचं उदाहरण घे. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला आणि त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं. गांधीजींनाही तेच प्रवचन अतिशय प्रिय. पण गांधीजी हिंदूच राहिले आणि टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. दोघांनी वाचलं ते एकच. म्हणजे माणूस ख्रिस्ती होतो तो त्या गळालेल्या भागामुळे नव्हे, उरलेल्या भागामुळे. उपदेश आवडायला ख्रिस्ती असावं लागत नाही, आणि ते चांगलंच आहे.

उरलेला भाग म्हणजे काय? तर घडलेली गोष्ट. त्यात येशू आणि मरीया सोडली तर एकाच माणसाचं नाव येतं, आणि ते कुणा संताचं नाही. पंतय पिलात हा साधारण इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा कारभार पाहणारा रोमन अधिकारी. त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात मिळाला. अशा माणसाला प्रार्थनेच्या जागी कशाला आणून बसवायचं? कारण आमचं म्हणणं असं आहे की हे 'एके काळी' घडलं नाही; अमक्याच्या कारकिर्दीत, अमक्या गावाबाहेर घडलं. पौलाने करिंथकरांना जे पत्र लिहिलं ते वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांचं. त्यात तो साफ सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची शिकवण पोकळ आहे. उठलेल्या ख्रिस्ताला पाहणाऱ्यांची यादी देतो, आणि त्यातले बरेचजण अजून हयात आहेत असंही लिहितो. धर्माने स्वतःच्या मानेवर अशी सुरी ठेवून घेणं मला तरी धाडसाचं वाटतं. तू यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. पण आमचा डाव कशावर लावलेला आहे ते तुला कळावं.

मग तू विचारशील, येशूत देव माणूस झाला म्हणता, म्हणजे हा अवतारच ना? सगळे विचारतात, आणि विचारणं साहजिक आहे. फरक मला दिसतो तो असा. अवतार युगायुगाला होतात, इथे एकदाच. आणि तो देह काम झाल्यावर उतरवून ठेवलेला नाही. देवाने माणूसपण घेतलं ते कायमचं, जखमांसकट. म्हणूनच मतांगीकाराच्या शेवटी आम्ही नुसता अमर आत्मा मानून थांबत नाही, देहाच्या पुनरुत्थानाची आशा धरतो.

पिता, पुत्र येशू आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्र्यैक्याचं मात्र मी तुला गणित मांडून दाखवणार नाही. पाळकांची उदाहरणं ऐकशीलच. प्रत्येक उदाहरण दोन पावलांवर लंगडतं. मुळात पंचाईत कशी उभी राहिली ते बघ. पहिले ख्रिस्ती यहुदी होते. देव एकच, ही त्यांच्या हाडीमाशी भिनलेली गोष्ट. आणि तीच माणसं येशूला प्रभू म्हणून हाक मारू लागली, त्याच्या नावाने प्रार्थना करू लागली. आचरण आधी, तत्त्वज्ञान मागाहून. तीनशे वर्षं हे असंच चाललं. मग आलेक्सांद्रियाच्या एरियसने सुटसुटीत तोड काढली: पुत्र सगळ्यांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेला. ३२५ साली निकेयाच्या परिषदेने ते नाकारलं. एरियसला विरोध करणाऱ्या अथनेशियसचा मुद्दा साधा होता. जो स्वतःच निर्मिलेला आहे, तो आपल्याला देवापर्यंत नेणार कसा? या हट्टापायी त्याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. एरियसची तोड डोक्याला सोपी होती हे खरं, पण वधस्तंभावर देवाने दुसऱ्या कुणाला पाठवलं आणि स्वतः वर राहिला, असा तिचा अर्थ होतो. ते मला सोसवत नाही.

आणि हे पचायला जड जातं म्हणून शरमू नकोस. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षं तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून याच मुद्द्यावर वाद घातला. मला माझी स्वतःची बुद्धी आणि विवेक आहे, तो मी कुणाच्या हवाली करणार नाही, अशा आशयाचं त्या बिनदिक्कत लिहीत. त्याच बाईंनी पुढे केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं.

तुला सगळ्यात खटकलं ते 'पापी'. "माझ्या आईने कुणाचं वाकडं केलं नाही, ती पापी कशी?" नाहीच केलं, मला माहीत आहे. तुझ्या लग्नात मी त्यांना पाहिलंय. पण इथे पाप म्हणजे दुष्कृत्यांची यादी नव्हे. माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो, सत्कर्म करतानाही, ते पाप. येशूच्या दाखल्यात उपास करणारा, दशांश देणारा परुशी रिकाम्या हाताने घरी जातो आणि नुसती दया मागणारा जकातदार नीतिमान ठरून जातो. क्षमा कमवायची नसते, मिळालेली घ्यायची असते. तिला आम्ही कृपा म्हणतो. तुझ्या माहेरी हरिपाठ होतो, तेव्हा तुला हे परकं वाटू नये. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

कृपेवरून लूथरच्या काळात, १५१७ पासून, मंडळी दुभंगली. लूथरन आणि कॅथलिक यांनी १९९९ साली आउग्सबुर्गला याविषयीच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. उशीर केला म्हणायचं! पण येशूच्या मरणाने आपल्याला क्षमा मिळते ती कशी, यावर जुन्या परिषदांनी कधीच एक ठरीव उत्तर दिलेलं नाही. कुणी त्याला खंडणी म्हटलं, कुणी मृत्यूवरचा विजय. अकराव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल्मने देवाच्या मानाची भरपाई म्हणून ते मांडलं. मला विजयाचं पटतं. तुझ्या सासऱ्यांना भरपाईचं. यावरून आमची बहीण-भावाची चाळीस वर्षं जुंपते.

पवित्र आत्मा, मंडळी, प्रभुभोजन राहिलंच. ते पुन्हा कधीतरी. हात दुखायला लागला.

आता एक कर. मतांगीकार पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. मार्कचं शुभवर्तमान वाच, सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतं. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीपाशी थांब. जुन्यात जुन्या हस्तलिखितांत पुस्तक तिथेच संपतं: बाया कबरेपासून पळाल्या आणि भीतीने कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या. असा शेवट का केला असेल, ते मला न विचारता आधी तू लिहून पाठव. आणि येताना माझा चष्म्याचा नंबर काढलेला कागद घेऊन ये, तो तुमच्याकडेच राहिलाय.

तुझी,
आत्या