दोघे, तिघे आणि पलाऊ

फिलिपिन्सच्या पूर्वेला, पॅसिफिक महासागरात पलाऊ हा शेकडो बेटांचा देश आहे. लोकसंख्या सुमारे १८ हजार, म्हणजे आपल्या सीमाभागातल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. तिथले लोक आपल्या देशाला ‘बेलाऊ’ म्हणतात. कोरोर या तिथल्या मुख्य शहरात काही दिवस राहण्याचा योग आला. प्रवासी तिथे समुद्रातली प्रवाळे पाहायला जातात. मी पडलो भाषेचा मास्तर. माझे कान लोकांच्या बोलण्याकडे.

‘आलीइ’ म्हणजे नमस्कार आणि ‘सुलांग’ म्हणजे आभारी आहे, एवढ्या भांडवलावर बाजारात निभावते. खरी गंमत आकडे शिकताना आली. दोन वस्तू असल्या तर ‘तेब्लोंग’, पण दोन माणसे असली तर ‘तेरुंग’. तीन वस्तू ‘क्लदेइ’, तीन माणसे ‘तेदेइ’. आपण नाही का, आंबे दोन म्हणतो पण भाऊ दोघे? आपल्या शेजारच्या कानडीतही ‘एरडु’ आणि ‘इब्बरु’ वेगळे. शिवाय ‘आपण’ला ‘किद’ आणि ‘आम्ही’ला ‘केमाम’. इंग्रजी आणि हिंदीला न जमलेला हा भेद हजारो मैलांवर असा अचानक भेटला.

मनाच्या साऱ्या गोष्टी तिथे ‘रेंग’ या शब्दाभोवती फिरतात. रेंग म्हणजे अंतःकरण. ‘रेंगुल’ म्हणजे त्याचे अंतःकरण. ते मोठे असेल तर माणूस सोशिक, आखूड असेल तर शीघ्रकोपी. आणि रागावलेल्या माणसाचे अंतःकरण चक्क घामाघूम झालेले असते!

या देशावर स्पेन, जर्मनी, जपान आणि अमेरिका अशी एकामागून एक चौघांची सत्ता आली. स्वातंत्र्य मिळाले १९९४ साली. प्रत्येकाने जाताना शब्द मागे ठेवले. तोंडपाठ असणे याला ‘आउसबेंगदिक’ हा जर्मन शब्द. वीज ‘देंगकी’ आणि टेलिफोन ‘देंगुआ’, हे जपानी. बिअर पिण्याला ‘त्सकारेनाओस’. मूळ जपानीत अर्थ शीण घालवणे! उसनवारीने भाषा बुडते, ही आपल्याकडची भीती तिथे फारशी खरी वाटत नाही.

धोका दुसरीकडे आहे. पलाऊत जमीन आणि मानमरातब आईच्या कुळाकडून येतात, आणि चिखलातली अळूची शेती हे परंपरेने बायकांचे काम. त्या शेताला ‘मेसेइ’ म्हणतात. त्यांची एक म्हण आहे, ‘आ मेसेइ आ देलाल आ तेलिद’. अळूचे शेत ही आपल्या श्वासाची आई. आज मात्र तिथल्या ताटात बाहेरून येणारा तांदूळ बसला आहे आणि अळूची शेते कमी होत चालली आहेत.

माझ्या वर्गात ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण आली की मुले विचारतात, सर, पोहरा म्हणजे काय? म्हण त्यांना पाठ असते, पण पोहरा कोणी पाहिलेला नसतो. शब्द बाहेरून आले तर भाषा त्यांना सामावून घेते. हातातले काम सुटले की मात्र म्हणीतला ओलावाच जातो.

त्या म्हणीतल्या ‘तेलिद’मधला श्वास ‘आमचा’ नाही, ‘आपला’ आहे. ऐकणाराही त्यात धरलेला आहे.